हात धुऊन

नाही आजोबा, पट्टीला तुम्ही हात लावायचा नाही, ती मीच सोडणार — फक्त हे हात धुऊन होऊ देत. मघाशी धुतले होते, कबूल, पण मधे मी नाक खाजवलं ना? मग ते धुणं गेलं वाया. परत पहिल्यापासून — तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा. अंगठा सगळे विसरतात. आमची आत्या तर — हो, आतल्या डॉक्टरीणबाई, माझी सख्खी आत्या — थुंकी लावून केसपेपर उलटते आणि त्याच बोटानं पेशंटची पापणी खाली ओढते. भिंतीवर हात धुण्याचा हा तक्ता कुणी लावला? तिनंच. मोठ्या माणसांचं असंच, तक्ता लावायचा नि मोकळं व्हायचं. बाबा तर हात धुऊनच मागे लागलेत, नर्सिंगच्या शिक्षणावर पाणी सोडलंस म्हणून. सोडलं. का, ते विचारलं कुणी? तुम्हीही विचारू नका. कंटाळा आला म्हणून सोडलं.

झालं, नळ कोपरानं बंद — आणि वाजला फोन. बाबाच. कट केला, पण बोट लागलंच ना, आता परत साबण. असे बघू नका, कापलेल्या अंगठ्यात टूथपेस्ट भरणाऱ्या माणसानं तरी नको. फार खोल गेलंय का हो? म्हणजे — आतलं दिसतं का काही? नको, सांगू नका.

ऐकलंत, आत्या आतून काय म्हणाली? आज ड्रेसिंगला तिला हाक मारली तर उद्यापासून मी बाबांच्या टायरच्या दुकानात. पंक्चर बघून तरी तुला चक्कर येणार नाही, म्हणते. चक्कर कसली? एकदा आली, उपाशी होतो. नंतर आली ती उकाड्यानं. कॉलेजातली — ती सगळ्यांनाच आली असती.

हे घातले ग्लोव्हज. तुम्ही तिकडे बघा, घाबरता उगाच. मी पण तिकडेच बघतो, सवयीनं जमतं मला. ही सुटली पट्टी. हा कापूस — चिकटलाय जरा — निघाला. अच्छा. असं आहे होय ते. बरंच — लाल आहे. आजोबा, जरा टेबलावरून उतरता? मला थोडं — नाही, आत्याला हाक नको, ठीक आहे मी — आणि धरू नका मला, तुमचे हात धुतलेले नाह—