बदकाशेजारची मोकळी जागा

धाकटा : ताई, प्रिंटर कशाला चालू केलास?

ताई : हळू बोल. पलीकडे पोरांचे आत्ता कुठे डोळे मिटतायत.

धाकटा : त्या चिमुरड्या बटणला इस्पितळात नेलंय, तिच्या आईचा अजून फोन नाही, आणि तू पोस्टर छापत बसलीयेस?

ताई : चुकलेलं दुरुस्त करायला नको? उद्याही या पाळणाघरात मुलं जेवणारच आहेत.

धाकटा : दाखव बरं. बटणची खूण बदक, त्या बदकाशेजारी काजू, त्याच्यावर लाल फुली. सकाळपर्यंत ही जागा मोकळी होती.

ताई : मोकळी होती म्हणूनच स्वयंपाकाच्या मावशींनी तिच्या सूपच्या वाटीत काजूची पूड घातली. ओठ टम्म सुजले रे पोरीचे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. तू नव्हतास इथे. तिला उचलून गाडीपर्यंत मी नेलंय.

धाकटा : माहितीये मला. पण तिच्या आईनं आठवड्यापूर्वीच फॉर्म भरला होता. डेटाबेसमध्ये नोंद आहे, काजू चालत नाही. तुझ्या चित्राला ते माहीत नव्हतं.

ताई : तुझ्या डेटाबेसला होतं ना माहीत? मग त्यानं कुणाला सांगितलं?

धाकटा : विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुझ्या त्या डिझाइनच्या साइटवर तू जेवढं काढशील तेवढंच दिसतं, आणि काढलंस त्या दिवसापुरतंच खरं असतं. माझं सगळं क्लाउडवर आहे. काजू कुणाकुणाला चालत नाही एवढं विचारायचं, नावं समोर.

ताई : विचारणार कोण? मावशी? हात पिठाचे, गॅसवर पातेलं, आणि तुझा तो टॅब आधी पासवर्ड मागणार. चित्र काही मागत नाही. मान वर केली की दिसलं. ससा, दूध नाही. कासव, अंडं नाही. तूच म्हणाला होतास, झकास झालंय म्हणून.

धाकटा : झकास आहेच. पण मी रोज सकाळी आपोआप यादी छापून येईल अशी सोय केली होती. ती कुणी बंद करायला लावली?

ताई : मी. तुरुंगातल्या हजेरीसारखी दिसायची ती. पालक आत आले की पहिली तीच नजरेला पडायची.

धाकटा : झालं तर मग. शोभा हवी होती तुला.

ताई : थांब, अर्धंच नको सांगू. यादी बंद केली तेव्हा आपलं काय ठरलं होतं? नवी नोंद आली की तुझ्या फोनवर सूचना येणार, तू मला सांगणार, मी त्याच दिवशी पोस्टर बदलणार. सूचना आली होती?

धाकटा : ताई, आत्ता ते...

ताई : बाळ्या, मी विचारतेय.

धाकटा : आली असेल. मी सूचना बंद करून ठेवल्या होत्या. कुणी पत्ता बदलतं, कुणी फोटो बदलतं, दिवसभर नुसतं टिंगटिंग. म्हटलं, महत्त्वाचं काही असलं तर त्या मुलाची आई स्वतःच तुला सांगेल.

ताई : वा! उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि एखादी हरवली की शेळीला विचारायचं, तू बोलली का नाहीस.

धाकटा : बोल, बोल. आज ऐकून घ्यायलाच हवं मला. पण हे नवं पोस्टर कुठे लावणार आहेस?

ताई : जुन्याच जागी. दुसरं कुठे?

धाकटा : आत्ता?

ताई : आत्ताच.

धाकटा : बटणची आई इथे येईल. काय झालं ते बघायला येईलच ती. तिला वाटेल, फुली आधीपासून होती.

ताई : मी तसं म्हणणार नाही.

धाकटा : तुला म्हणावंच लागणार नाही. भिंतीवर आहे म्हटल्यावर कोण विचारतंय, कधी लावलं?

ताई : मग काय करू? मघापासून तीन पालकांचे फोन येऊन गेलेत. उद्या कुणी मूल पाठवलं नाही तर आपण दोघं कुठे जाऊ? बाबांनी हे घर आपल्या भरवशावर सोडलंय.

धाकटा : म्हणजे मावशींच्या डोक्यावर खापर. पोस्टर बरोबर, त्यांनीच पाहिलं नाही.

ताई : तुला दुसरं काही सुचतंय?

धाकटा : ती नोंद काढून टाकता येईल. फॉर्म आमच्यापर्यंत आलाच नाही म्हणायचं.

ताई : शाबास. आजारी लेकराच्या आईला खोटं पाडायचं.

धाकटा : तसंही जमणार नाही. नोंद कुणी काढली, कधी काढली, तेही तिथे राहतं. मीच तसं बसवलंय.

ताई : म्हणजे जमलं असतं तर केलं असतंस.

धाकटा : तू तर करतेच आहेस की. कागद बदलणं सोपं, एवढाच काय तो फरक.

(प्रिंटर थांबतो. दारावर टकटक.)

मावशी : ताई, येऊ का आत?

ताई : या ना, मावशी. पोरं उठली का?

मावशी : नाही, गाढ झोपलीत. बटणचं काही कळलं?

ताई : अजून नाही.

मावशी : वाटी भरायच्या आधी मी वर बघते. रोज बघते. आजही बघितलं. बदकाच्या बाजूला काही नव्हतं, असंच मला आठवतंय. म्हटलं, पुन्हा एकदा बघून खात्री करावी, तर भिंतीवर पोस्टरच नाही.

ताई : मी काढून आणलं ते.

मावशी : हां. मग होतं का हो त्यात काही? चष्म्यावर वाफ धरते माझ्या. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. असेल फुली. मलाच दिसली नसेल.

धाकटा : ताई...

ताई : गप्प बस तू.

मावशी : त्याच्यावर नका चिडू. मी काय म्हणते, त्या बाई आल्या की माझं नाव सांगा. मी पाया पडेन त्यांच्या. म्हातारीची चूक लोक पोटात घालतात. तुम्हा दोघांचं तर अजून सगळं व्हायचंय.

धाकटा : ताई, फोन वाजतोय. तिच्या आईचाच आहे.

ताई : बाळ्या, मावशींना खुर्ची दे. बसा मावशी, उभ्या नका राहू. तो प्रिंटरमधला कागद तिथेच असू दे. हात नको लावूस. हॅलो? बोला. कशी आहे ती? श्वास? सूज उतरतेय ना? रात्रभर ठेवणार आहेत का? बरं. बरं. झोपू दे तिला. हो, विचारा ना. हो, तुम्ही फॉर्म भरला होता. आला होता आमच्याकडे. माझ्या भावानं पाहिला नाही, आणि रोजची यादी मीच बंद करून ठेवली होती. नाही हो, मावशींनी बघितलं होतं. बघण्यासारखं आम्ही तिथे काही ठेवलंच नव्हतं.