जनरलचा वंश

"हॅलो?… हॅलो, धाकटे, मी बोलतेय. ठेवू नकोस… मी कोण म्हणजे? थोरली. तुझी सख्खी बहीण, अजून जिवंत असलेली."

जनावरांच्या दवाखान्याच्या अरुंद बोळात, बंद दारासमोर उभी राहून थोरली आपल्याच बहिणीला आपली ओळख सांगत होती. गेल्या वर्षीच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनापासून दोघींचं बोलणं बंद होतं, त्यामुळे ते भागच होतं.

"नाही, आजारी कोणी नाही… म्हणजे जनरल आहे… हो, कुत्राच. अगं ऐक ना आधी."

मग तिने एका दमात सांगून टाकलं. जनरलचं प्रोस्टेट वाढलेलं, उद्या ऑपरेशन, आणि त्यात बाप होण्याची सगळी सामग्री जाणार. म्हणून आज रेत काढून तपासायचं, चांगलं निघालं तर बारीक नळ्यांच्या कांड्यांत भरून गोठवून ठेवायचं. पण सकाळपासून जनरल ढिम्म. डॉक्टर घामाघूम होतात, आणि तो थोरलीच्या तोंडाकडे बघून पंजा देतो.

"डॉक्टर म्हणतात, माजावर आलेली कुत्री नुसती समोर उभी केली तरी काम होतं… नुसती उभी गं… आणि तुझी छबी सध्या… मला कसं कळलं? गावभरचे कुत्रे तुझ्या फाटकाशी धरणं धरून बसलेत, कळायला ज्योतिषी लागतो का?"

यावर पलीकडून जे सुरू झालं, त्यासाठी थोरलीला फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागला. धाकटीचं म्हणणं तसं रास्त होतं. तिने छबीसाठी जनरल मागितला, तेव्हा थोरलीने परीक्षकांच्या देखत सुनावलं होतं की छबीचे दोन्ही कान एका वेळी उभे राहत नाहीत, आमच्या घराण्यात असलं खपत नाही. आता त्याच छबीला नुसतं उभं राहायला बोलावणं म्हणजे स्वयंपाकाला बोलवायचं आणि जेवायला बसवायचं नाही.

"हो… हो… म्हणाले होते… घराणं असंच म्हणाले… अगं, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं… आताही नाही? बरं, आताही नाही."

दार किलकिलं झालं. कंपाउंडरने मान बाहेर काढून हळूच सांगितलं की बाई, जमतंय. तुम्ही समोर असलात की त्याला शाळेत आल्यासारखं वाटतं. दाराआडून नुसता आवाज आला की शांत उभा राहतो. आत येऊ नका आणि बोलणं थांबवू नका.

"धाकटे, ठेवू नकोस… छबीला नको आणूस, पण तू बोल. अजून काय काय म्हणाले होते मी?… शेपटीबद्दलही? असेन म्हणाले… कान? कान सुरेख आहेत गं. एक वर, एक खाली, चारी दिशांचं ऐकू येतं तिला… चेष्टा नाही. जनरलची पहिली कांडी छबीला. माझा शब्द."

बाकावर मांजर घेऊन बसलेल्या गृहस्थांनी मांजराचे कान झाकले.

कंपाउंडर पुन्हा आला, या वेळी हसत. डॉक्टरांनी थेंब तपासला होता. या वयात एवढी जोमदार गर्दी त्यांनी पाहिली नव्हती. पुढे तो असंही म्हणाला की हे तपासणीपुरतंच झालं, कांड्यांत भरायचं अजून यायचंय. पण ते ऐकायला थोरली जागेवर नव्हती. ती घराण्यापाशी पोचली होती.

"ऐकलंस? गर्दी मावत नाहीये. रक्तच तसं… हो, कांडीचं म्हणाले खरी… अगं, पहिलीच असं नाही. बघू ना. पिल्लांच्या दृष्टीने शेवटी कानांचाही विचार… हॅलो?… हॅलो?"

धाकटीने फोन ठेवला होता.

बोळात शांतता पसरली. मग आतून दारावर नखं खरवडल्याचा आवाज आला, पाठोपाठ स्टीलचं काहीतरी आदळल्याचा, आणि मग डॉक्टरांचा, जो इथे लिहिण्यासारखा नाही.

थोरलीने फोन पुन्हा लावला. पलीकडून बंद. तिने दाराकडे पाहिलं, घसा खाकरला आणि तो मुका फोन कानाशी धरला.

"हो… ऐकतेय ना मी… तू काही चूक बोलत नाहीस. चारचौघांत तसं म्हणायला नको होतं… कानांत काय असतं गं?… त्यानंतर मलाच बोलायला कोणी उरलं नाही. एवढ्या घरात मी आणि जनरल… हो, पहिली कांडी छबीचीच…"

आतली नखं थांबली.

"…छे, रडत कुठे आहे? सर्दी झालीय… तू बोल."