उमापूर पडलं

...अन् वरून मलाच इचारतात, "आप्पा, उमापूर कावून सोडलं?" आरं, सोडलं न्हाई, पडलं! तुमाला सांगतो, माजलगावच्या मोंढ्यात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान. नव्याण्णव साली पत्रिकेसाठी कॉम्प्युटर घेतला, तवा लोक चपला काढून आत यायचे... अन् त्यात निघाला हा राज्याचा खेळ! आपली गावं, आपली फौज, एक डाव आपला, एक डाव त्याचा. गावांना नावं आपण द्यायची. मी राजधानीला दिलं माजलगाव, डोंगरावर नारायणगड, अन् बायको खूश व्हावी म्हणून शिवंवरच्या गावाला तिच्या माहेराचं, उमापूर. झक मारली!

कारण तो लाल राजा, म्हंजी कॉम्प्युटरच हो, त्याला दुसरं गावच दिसंना! मी भिंत बांधली की तो तोफा आणतो, मी तह केला की पुढच्या डावाला मोडतो. मी इचार करकरून घामाघूम, अन् तो पापणी लवायच्या आत डाव खेळून मोकळा. त्याला काय, त्याला कुठं संसार हाय!

एक दिवस चाल आली थेट माजलगाववर, नदीतून गलबतं! आता राजधानी राखू का शीव? उमापूरची फौज काढली, आणली इकडं. पत्रिका न्यायला आलेला शहादेव म्हणला, "बराबर केलं आप्पा, उमापुरात हाय काय? जाऊ द्या!" ...अन् मागं डबा घेऊन कोण उभी? गंगासागर, आमची मंडळी! पडद्यावर लाल झेंडा, खाली नाव उमापूर.

"माझं माहेर दिलंत?"

"अगं, खेळ हाय..."

"मग माजलगाव द्यायचं! तुमची आई ऱ्हाती तिथं, म्हणून राखलं न्हवं?"

डबा आपटला अन् दुपारच्या यष्टीनं गेली, खऱ्या उमापूरला!

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन, संगमेशचा. माझ्यासमोर कधी मान वर न करणारा पोरगा, तो म्हणतो, "भाऊजी, आमच्या गावाची किंमत कळली." आरं बाबा, तुझ्या गावातलं जवारीचं एक कणीस तरी मोडलं का? मग सासरे फोनवर आले अन् नुसते खाकरले... ते खाकरणं लई लागलं हो. अन् तो लाल राजा निवांत. त्याला काय, त्याला कुठं सासरा हाय!

मग काय करता? माजलगावची फौज काढली, नारायणगडची काढली, अन् घेतलं उमापूर परत! फोन केला, "घेतलं, ये आता." आली बी. पण तवर त्यानं माजलगाव खाल्लं, नारायणगड खाल्लं. त्याला काय, त्याला कुठं बायको आणायची व्हती! सगळ्या लाल पडद्यावर माझा एकच निळा ठिपका, उमापूर. गंगासागर बघून हसली, म्हणली, "आता शोभतंय."

इतकी लढाई केली, इतकी माणसं मारली, अन् झालो काय? राजा? न्हाई हो... घरजावई!