कच्च्या लिंबाचं नाव

मंडळी, एक सांगा. माणूस मोजायचा राहिला, तर पाप कुणाचं? मोजणाऱ्याचं, की राहिलेल्याचं? थांबा, घाई नको!

कच्चं लिंबू ठाऊक आहे ना? लपाछपीतलं धाकटं पोर. खेळात असतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. केवढी माया! पण हाच शब्द मोठ्यांनी उचलला म्हणजे?

ऐका. खाडीकाठचं गाव. ओहोटीला बाया खडकांवर कालवं फोडायला जायच्या. म्होरकी चांगुणाकाकी. पाणी फिरून भरती लागली, की ती एकेकीचं नाव पुकारणार. सगळ्यांची 'ओ' आली, की माघारी! चाळीस वर्षांत एक बाई गमावली नव्हती. मात्र नवी बाई सहा महिने कच्चं लिंबू. तिचं नाव पुकारायचं नाही. तिने काकीचा पदर धरून राहायचं.

त्या वर्षी लिंबू कोण? काकीचीच सून! दुष्काळी माणदेशातली. पहिल्या दिवशी विचारते, "आत्या, ओहोटीला एवढं पाणी जातं कुठं?"

"तुझ्या माहेरी पाठवतो गो!" बाया हसून लोळल्या.

एके दिवशी पाणी फिरलं. पुकारा झाला. पंधरा नावं, पंधरा 'ओ'! पदर हलका लागला खरा, पण काकीला वाटलं, गेली असेल पुढच्यांबरोबर.

काठावर टोपल्या उतरल्या. कुणी विचारलं, "काकी, तुमचं लिंबू कुठाय?"

काकीने वळून पाहिलं. अहो, खडकच दिसेना! नुसतं पाणी!

धर्मा तांडेलाने होडी लोटली. काकी पुढे उभी. "लिंबाऽऽ! ए लिंबाऽऽ!"

उत्तर नाही.

"अगो, पोरीचं नाव घे की!" धर्मा ओरडला.

नाव? चार महिन्यांत ते काकीच्या तोंडून निघालंच नव्हतं! छाती फुटेस्तोवर ती ओरडली, "हौसाऽऽ!"

"ओ!"

शेवटच्या सुळक्याला मिठी मारून पोर उभी! पाणी गळ्याशी! होडीत ओढली, तशी काकीने रडतरडत तिच्या थोबाडीत दिली. "मेल्ये, सगळ्या निघाल्या तेव्हा आली का नाहीस?"

हौसा कुडकुडत म्हणाली, "आत्या, मी खडकाआड होते. पंधरा नावं ऐकली. माझं आलं नाही. मला वाटलं, माझी पाळी यायची आहे अजून."

मंडळी... काकीने तोच हात स्वतःच्या तोंडावर मारून घेतला. दुसऱ्या दिवशी पुकारा सुरू झाला, तो हौसाच्या नावानं!

देवाच्या दारी सगळे सारखे, असं आपण टाळ कुटून म्हणतो. मग त्या खांबामागच्या ताई? आठ दिवस कीर्तनाला येतायत. गावात नव्या आहेत. नाव कुणी विचारलं? कुणीच नाही?

मीही नाही!

ताई, पुढे या. तुमचं नाव कळल्याशिवाय आज आरतीची वात पेटायची नाही!