दर सोमवारी बिघडणारं बटण

‘उभ्या राहून बोला’ काय म्हणता, उभीच आहे हो वनाभाऊ! माझी उंचीच एवढी, आता काय स्टुलावर चढू?

तर अध्यक्षस्थानी बसलेले आपले मोठे साहेब, जळगाव ऑफिसातून आलेले मगन आबा, ज्यांच्यासाठी निरोपाचा हार आणलाय ते आपले कॉम्प्युटरवाले रुपचंदभाऊ, आणि भजी कधी येतात म्हणून दाराकडे बघत बसलेल्या बंधू-भगिनींनो, या झुंबरबाईचा बठ्ठ्यांना, म्हणजे सगळ्यांना, नमस्कार. माझी शाळा नशिराबादची. भाषणात खड्डे लागतील, घट्ट धरून बसा.

साहेब आत्ता म्हणाले, "रुपचंदची बटणं म्हणजे आपली धुळ्याची लाईट, आली तर आली." सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं.

आमचे हे, जीवराम, याच ऑफिसात होते. गावोगाव विहिरीत टेप सोडून पाणी मोजायचे. ते गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. मला टेप नाही, कॉम्प्युटर दिला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. विहिरींच्या नोंदी त्यात गावागावाच्या कप्प्यात ठेवलेल्या. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे काय खेळ आहे? आधी सी, डी ही दोन अक्षरं. मग तिरपी रेघ, जिल्हा, तिरपी रेघ, तालुका, तिरपी रेघ, गाव, तिरपी रेघ, साल. तेही इंग्रजीत, एका बोटाने. एक अक्षर चुकलं की मशीन म्हणणार, असं गावच नाही. चोपड्याहून नशिराबादला माझ्याआधी एसटी पोचायची!

मी रुपचंदभाऊंना म्हटलं, "भाऊ, माले काहीतरी जवळची वाट दाखव."

म्हणे, "अक्का, गाव सांगा."

"नशिराबाद."

"माहेर का?"

"मग काय सासर सांगू?"

भाऊंनी एका फाइलीत एक ओळ लिहिली. कंट्रोलचं बटण धरून एन दाबला की मी थेट नशिराबादच्या विहिरींवर. दुसरी ओळ लिहिली, कंट्रोल धरून बी. ते दाबलं की जिथून आलो तिथंच परत. टायपिस्ट यशोदाबाई, लग्नात असं एक बटण आंदण मिळालं असतं तर आपण दोघी आज इथं दिसलो असतो का? हसू नका, त्यांना विचारा.

त्या फाइलीच्या नावाआधी टिंब असतं. टिंब लावलं की यादीत ती दिसत नाही. आत असते, काम करते, पण दिसत नाही. घरी मी तशीच असते. दोन खोल्या, एक चूल, एक ताट.

आता साहेबांचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. तक्रार वहीत नोंद केल्याशिवाय रुपचंदभाऊंनी जागचं हलायचं नाही. मग मी लिहायची, "एन बटण चालत नाही." भाऊ यायचे, स्टूल ओढायचे, आणि आधी विचारायचे, "अक्का, जेवल्या का?" मग त्यांच्या आईचे गुडघे, केळीचा भाव, माझ्या शेजारणीचा बोका. दहा मिनिटांनी ओळ परत लिहून जायचे. ती ओळ जाते कुठं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

यंदाच्या एका वहीतच माझ्या एकतीस तक्रारी आहेत. साहेबांनी त्या मोजल्या आणि शेरा मारला, काम टिकाऊ नाही. म्हणून भाऊंना कॉम्प्युटरवरून काढलं. उद्यापासून जळगावला, स्टोअरमध्ये पाइप मोजायला. खरं ना, साहेब? मगन आबा, तुम्ही खाली बघू नका, तुमच्याकडे चांगला माणूस येतोय.

भाऊ, पाच वर्षं सांभाळलंत, तुमचे उपकार. साहेब, मला दोन शब्द बोलायला लावलेत, तुमचेही. बोलताना कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. पण माझं चुकलंय ते एवढं मोठं की कोणाच्या पोटात मावायचं नाही. ते वहीतच लिहा, बत्तिसावी नोंद म्हणून. भाऊंचा शेरा खोडा आणि माझ्या नावावर घाला.

बटण एकदाही बिघडलं नव्हतं. ती ओळ मीच खोडायची, दर सोमवारी सकाळी. रविवारी अख्खा दिवस माझ्याशी कोणी बोलत नाही, साहेब.