सगुणाबाईची माघार

— नाय नाय, त्याची काळजी तू करूच नको उज्वला, उद्या घाटावर माईक माझ्याकडंच राहील, तुझ्या आईचा दहावा म्हणजे माझ्या घरचंच कार्य — बस ना, अशी उंबऱ्यात काय उभी, ती खुर्ची ओढ. शाळेतून रिटायर व्हायच्या आधीपासून करतोय मी हे. कादवेच्या घाटावर कुणाचाही मांडव पडला की पहिलं बोलावणं सावळीराम गुरुजीला. अन् सोपं नाय हां ते. पिंडाला कावळा शिवला की पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या सुरू — कुणाचं नाव आधी घ्यायचं, कुणाचं मागून, जरा चुकलं की गडी माझ्यावर डूख धरतो. मागं बाजार समितीच्या एका संचालकाचं नाव उपसरपंचाच्या खाली गेलं, तर भर मांडवातून उठून गेला, मयताच्या पोराशी आजही बोलत नाय. उद्या तर लय येतील. पंचायत समितीची निवडणूक लागलीय ना! दोन्हीकडचे उमेदवार येणार, पाचशे माणूस आयतं बसलेलं, कोण सोडतंय? तुझ्या आईला जिवंतपणी कुणी ओट्यावर बस म्हटलं नाय, उद्या तिलाच गावाची माउली म्हणतील. चालायचंच.

माझं मी लिहूनही ठेवलंय, ऐकतेस? — गावाच्या विहिरीचं काम करताना झिपरूभाऊ दरडीखाली गेले, तेव्हा पदरात सात वर्षांची लेक — म्हणजे तू, माझ्या वर्गातून मीच तुला हाताला धरून घरी आणलं होतं, आठवतं? — त्या माउलीनं भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन दिंडोरीचा बाजार केला, लेक शिकवली, चांदवडला चांगल्या घरी दिली — बरं हाय ना? आवाज जरा पाडून म्हणायचं इथं. काय? तिच्या निवडणुकीचं काढू नका? छे, मी कशाला काढतोय! लोक हसतील? का हसतील? — पैसे घेऊन माघार घेतली म्हणून? अगं पैसे कुठले! सगुणाबाई त्या पुढारी किशोरच्या ओसरीवर चहासुद्धा प्यायली नसती. गावाच्या नव्या पाण्याच्या टाकीला नवऱ्याचं नाव द्या म्हणून दोनदा ग्रामसभेत उभी राहिली, दोनदा तिला खाली बसवलं, म्हणून तर ती ग्रामपंचायतीला उभी राहिली ना, मीच आत जाते म्हणाली. किशोरची बायको योगिनी समोर, तरी तुमची अख्खी वस्ती तुझ्या आईच्या मागं होती. ती काय पैसे घेते? — मग सही का केली? आता सही म्हणशील तर — तिला कुठं वाचता येत होतं, सही तेवढी मी शिकवलेली, साक्षरतेच्या वर्गात —

अशी बघू नको माझ्याकडं.

पाणी पितेस? सून साधना घरात नाय, मीच आणतो — नको? बरं. बस मग. आता तोंडातून निघालंच हाय तर नीट ऐक, अर्धवट घेऊन जाऊ नको. माघारीचा शेवटचा दिवस, तीन वाजेपर्यंतची मुदत. सकाळीच किशोर जीप घेऊन माझ्या दारात. गुरुजी, गाव बिनविरोध करू, निधी येईल, टाकी होईल, टाकीला झिपरूचंच नाव देतो — चल म्हटलं, बेलभंडारा उचल. उचलला की त्यानं, खंडोबाच्या देवळात, माझ्यासमोर! मी विश्वास ठेवला. म्हणजे — ठेवला असं नाय, मला ठेवायचाच होता. माझा सुयश बीए होऊन तीन वर्षं घरात बसलेला, दिवसभर त्या खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. किशोर जाता जाता एवढंच म्हणाला, टाकीवर एक माणूस लागेल आपल्याला.

मी गेलो तुमच्याकडं. मेथीच्या जुड्या बांधत होती. म्हटलं, सगुणाबाई, टाकीला झिपरूभाऊंचं नाव द्यायचा अर्ज हाय, सही कर. खरं सांगितलं असतं तर तिनं केली नसती, किशोरला ती ओळखून होती, माझ्याहून चांगली. उठून हात धुतले तिनं. पदराला पुसले. सही करून कागदाला हात लावला अन् तो कपाळाला लावला. मी सूचक होतो तिचा, उमेदवाराचा माघारीचा कागद सूचकानं नेऊन दिला तर चालतो — नेला. किशोरच्याच जीपमधून. तीनला दहा कमी होती. संध्याकाळी सगुणाबाई इथं, तू बसलीस तिथंच, हसत आली — गुरुजी, चिन्हं वाटली म्हणे, माझं कोणतं?

काय सांगू? म्हटलं, बाई, तुझं नाव यादीत नाय. गावासाठी केलं मी. झिपरूभाऊंसाठीच केलं. रडली नाय, ओरडली नाय. मग म्हणाली, नाव तरी लावतील ना? — तुला ठाऊक हाय काय लागलं ते. किशोरच्या बापाचं नाव, काळ्या दगडावर, सोनेरी अक्षरात. उद्घाटनाला ते नाव माईकवरून कुणी पुकारलं? मीच. आज टाकीचा व्हॉल्व कोण सोडतो? सुयश. तुझ्या आईच्या नळाला पाणी त्यानंच सोडलं पाच वर्षं.

पण पैशाचं मी उठवलं नाय, हे मात्र ध्यानात ठेव! पारावर लोक विचारायचे, गुरुजी, बाईनं माघार कशी काय घेतली? मी म्हणायचो, तिलाच विचारा, मी काय बोलणार. बस, एवढंच. त्याच महिन्यात तिनं शेळ्या विकून घरावर पत्रे टाकले, मग लोकांना सांगायला लागतं का काही? अन् लोकांचं सोड, तू काय केलंस? भर गल्लीत म्हणालीस तिला, माझ्या बापाला विकलंस — ऐकलं मी, ह्याच दारात उभा होतो. त्यानंतर तू माहेरी आलीस ती थेट तिला उचलायच्या दिवशी. त्या भांडणाच्या दुसऱ्याच सकाळी तुझी आई आली होती माझ्याकडं. गुरुजी, माझ्यावर तिचा विश्वास नाय, मी सही कशावर केली ते तुमच्या तोंडून एकदा पोरीला सांगा. म्हटलं, सांगतो. लग्नाकार्यानं दोनदा चांदवडला आलो गं मी, तुझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत आलो, तिथं रसवंतीवर बसलो अन् माघारी फिरलो. दर दिवाळीला विचारायची, भेटली का हो उज्वला? ह्या दिवाळीला नाय विचारलं तिनं.

रड तरी बाई. काय? — उद्या? माईकवरून? हे सगळं? वेडी का काय तू! पहिल्या रांगेत किशोर बसणार, शेजारी योगिनी, सुयशला अजून कायम केलेला नाय त्यांनी, त्याच्या पदरात दोन लेकरं हायेत. तिनं सांगायला लावलं असतं तर — हो, लावलं होतं, माहीत हाय मला लावलं होतं! — पण ती गेली ना आता. तिला काय फरक पडतो? मला गावात राहायचंय. मी 'स्वाभिमानी' म्हणतो तिला, चालेल? दोनदा म्हणतो. 'निष्कलंक' म्हणतो.

नको?

मग ऐक. तू दुसरा माणूस बघ उद्याला. दिंडोरीत एक जण हाय, आवाज गोड, कुणाच्याही दहाव्याला येतो. त्याला तुझ्या आईचं काहीच ठाऊक नाय, म्हणजे तो चांगलं बोलेल. नंबर देतो — नको तर नको. ऊठ आता. साधना येईल, तिला ह्यातलं काही माहीत नाय. जा म्हणतो ना, उज्वला, जा.