साहेबांच्या डहाळ्या

"तिचं पाऊल पडलं अन् आंब्याले कीड लागली. होळी झाली का माहेरी धाडून देऊ, मंग आनाचं नाव नाई," सासूबाई माझ्या जाऊबाईंना सांगत होत्या. दाराआड मी ताक घुसळत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

लग्नाला दोनच महिने झाले होते. घरच्या आंब्याच्या बागेत मोहोर काळा पडून गळत होता आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, रोज एक झाड तोडत होते. कीड कापसासारखी पांढरी, पण फक्त विहिरीजवळच्या झाडांवर. पलीकडची झाडं स्वच्छ होती.

विहिरीजवळच काऊन? लग्नाचा मांडव उतरवून त्याच्या आंब्याच्या डहाळ्या तिथंच टाकल्या होत्या. त्या वाळल्या, तशी कीड शेजारच्या झाडांवर चढली. मामाजींनी त्या मोठ्या मानानं महसूल खात्याच्या गिरदावर साहेबांच्या बागेतून आणल्या होत्या. वरात दारात आली तेव्हाच मांडवाच्या एका पानामागं मला पांढरं दिसलं होतं. पण नव्या नवरीनं बोलावं काय?

त्या दिवशी मामाजींनी पुन्हा कुऱ्हाड उचलली. मी ताकाचा गडवा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मामाजी, मले माहेरी धाडाचं तं धाडा. पण कीड साहेबांच्या डहाळ्यांवर बसून आली. मी तं बैलबंडीत बसून आली होती."